सरळ्या

अल खोर. इथे खोर म्हणजे खाडी,
आमच्याकडे खोरं म्हणजे माती ओढायचं ते.
त्याच्या मागच्या दोन पायांचं नेमकं तेच झालंय.
तीस लाख वर्षं लागली म्हणे.
म्हणे म्हणजे मीच म्हणतो,
रात्रपाळीत, खाऱ्या पाण्याचे आकडे लिहून झाले की
वहीच्या शेवटच्या पानावर.

पाठ मिठाच्या खपलीसारखी, भेगाळलेली.
उंची उंटाच्या पिल्लाएवढी, उभा राहिला तर.
तो उभा राहत नाही.
सुकतीला पुळणीत स्वतःला पुरून घेतो,
वर फक्त काडीवरचे दोन डोळे,
तिवरांच्या श्वासमुळांत मिसळलेले.
मुळं मोजली तर दोन जास्त भरतात.
पण मोजणारं कुणी उरलेलं नाही.
आमच्या कारखान्याची खडकात एक पांढरी रेघ आहे
आणि रोहित पक्षी आहेत, उडणं विसरलेले,
जड, गुलाबी, कळपाने चिखल गाळत निघालेले.
एखादा मागे रेंगाळतो.
मग वाळू उठते.

दोन नंबरच्या पंपावरचा शौकत सुर्वे, दाभोळचा,
खांद्यावरून डोकावला :
"चिंबोरी ना ही? मग तिरकी चालव की."
नाही, म्हटलं, ह्याने तिरकं चालणं सोडलं.
तिरकं पळता येतं. पाठलागाला
नाकासमोर जावं लागतं. म्हणून सरळ्या.
"नाक कुठंय पण त्याला?"

अमावास्येला भरलेला, पौर्णिमेला पोकळ,
एवढं मात्र मी बदललं नाही.
आत्या पाटीसमोर उकिडवी बसून
एकेकाचं पोट दाबून बघायची, भाव पाडायची.
तो हिशेब तसाच ठेवला, तीस लाख वर्षं.

आणि उन्हाळ्यात, पाणी चटके देतं तेव्हा,
कवच मागून उकलतं.
तो पाठमोराच स्वतःतून बाहेर येतो,
मऊ, बोटाने दाबलं तर खळगा पडेल असा.
रोहितांची पिल्लं अंगावरून चालत जातात.
त्या तीन रात्री तो
तिवरांच्या कडेकडेने सरकतो
तिरका.
हे मी ठरवलं नव्हतं. पेन्सिल गेली तशी.

साडेचारला शौकतने चहा आणला, बिनसाखरेचा.
बाहेर सुकती लागली होती,
कुंपणाच्या दिव्यात श्वासमुळं उघडी पडली होती.
सतरापर्यंत मोजली,
तेवढ्यात पंपाचा भोंगा वाजला
आणि आकडा तसाच राहिला.