चिठ्ठीची मागची बाजू

राबोडीच्या नाक्यावर माझं औषधांचं दुकान,
समोर डॉक्टर हुदैफा परकारांचा दवाखाना.
त्यांचं अक्षर अख्ख्या ठाण्यात फक्त मला लागायचं.
म्हणजे पुढचं.
मागे अरबी असायचं, उजवीकडून सरकत येणारं,
खाडीचं पाणी खारफुटीत शिरतं तसं.

एकदा विचारलं.
म्हणाले, "ते तुझ्या कपाटात नाही मिळायचं."

माणसं खोकल्याचं औषध घेऊन जायची,
चिठ्ठी माझ्याकडे राहायची, तारेला टोचलेली.
तीस वर्षांत मी किती कविता टोचल्या, देव जाणे.

डॉक्टर गेले तेव्हा वहीत चारशे जणांची उधारी निघाली,
कवितेची एकही प्रत नाही.

परवा मदरशातल्या एका पोराला काउंटरशी बसवलं.
तिसऱ्या चिठ्ठीवर तो अडला, कानापर्यंत लाल.
"चाचा, हे एका बाईला लिहिलंय.
तुझी नाडी बघताना मी माझीच मोजली, म्हणतात."

मी चिठ्ठी उलटली.
पुढे नाव होतं. वय चौतीस.
दिवसातून दोनदा, जेवणानंतर.

ती अजून येते, रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला.
तिचे सुटे पैसे मी मोजतो,
पुन्हा मोजतो.