पान एक्केचाळीस

यावलच्या वाचनालयात मी पुस्तकांना क्रमांक घालतो,
पावत्या फाडतो,
आणि समासातली पेन्सिल दर शनिवारी
खोडरबरानं पुसतो.

दाखल क्रमांक ७२१४. पिवळं कव्हर.
जगावं कसं, ते अठ्ठ्याऐंशी पानांत.
कोणीतरी वडिलांच्या वर्षश्राद्धाला भेट दिलेलं.

फेगडे सर म्हणाले, तेवीस चुका,
आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या वेगळ्या.
"ज्याला 'दीर्घ' नीट लिहिता येत नाही
तो मला दीर्घायुष्य शिकवणार!"
टेबलावर आपटलं त्यांनी ते,
पण आवाजच आला नाही, एवढं हलकं.

प्रल्हाद कोळी हसला.
तो पेपरातला केळीचा भाव बघायला येतो, उभ्या उभ्या.
त्यानं पुस्तक तळहातावर तोललं, फणी तोलावी तसं.
"एकशेवीस ग्रॅम. एक केळं."
सर म्हणाले, सालीसकट, की सोलून?

सोलायला म्हणून घरी नेलं त्यानं.
आठव्या दिवशी दारातूनच:
"याच्यात लिहेल आहे, चारले उठा, यश भेटतं.
मी त वीस वर्सांपासून तीनले उठू राह्यलो, भाऊ,
गाडी भराले.
ते यश चारले येत असीन,
अन मी घरी नसतो."

नजमा तडवी सिस्टरला आवडलं.
ॲप्रनच्या खिशात मावतं, म्हणाली.
आणि आत?
"आत काय... एका कळेपासून दुसऱ्या कळेपर्यंत
एक पान होतं.
परवा एका पोरीला वाचून दाखवलं,
तर ती म्हणे, ताई, हे लिहिणाऱ्याला आधी इथं निजव."
सांगता सांगता हसली,
आणि मुदत वाढवून घेतली.

लीना झोपेनं त्यातली वाक्यं
अभ्यासिकेच्या भिंतीवर चिकटवली होती.
झोप कमी करा, हे सगळ्यात वर.
आडनावावरून पोरं चिडवायची, तीही हसायची.
चार मार्कांनी राहिली.
भिंतीवर आता चिकटपट्टीचे चौकोन तेवढे,
आतला रंग जरा ताजा.
पुस्तक परत देताना मी विचारायला नको होतं.
"पुस्तक चांगलं आहे, काका," ती म्हणाली,
"वाचणारी कमी पडली."

सर पलीकडे पेपर वाचत होते. घडी घातली त्यांनी.
इतके दिवस त्यांना त्या पुस्तकाची गंमत वाटायची.
त्या दिवशी खराखुरा राग आला.

मार्चअखेरच्या मोजणीत
पान एक्केचाळीस नव्हतं.

आणि मग सगळे म्हणू लागले, खरं काय ते त्याच पानावर होतं.
एकाच्या मते कर्जाबद्दल,
एकीच्या मते सासूबद्दल.
सर म्हणाले, चोविसावी चूक असणार.

मला माहीत आहे.
दाखल करताना सगळी पानं मीच उलटली होती.
एक्केचाळीसवर काहीच नव्हतं,
नुसत्या रेघा, आणि वर बारीक अक्षरात:
इथे तुम्ही लिहा.

कोणीतरी लिहिलं.
आणि लिहिलेलं घेऊन गेलं.

नोंदवहीत अठरा नावं. मी कोणाला विचारलं नाही,
दंडही लावला नाही.
त्रेचाळिसावं पान खिडकीशी तिरकं धरलं
तर दाबून चालवलेल्या बॉलपेनच्या खुणा दिसतात.
अक्षर लागत नाही.
शेवटी पूर्णविराम आहे की प्रश्नचिन्ह,
दोन शनिवार झाले, ठरत नाही.
खोडरबरानं ते जातही नाही.

काल प्रल्हादनं तेच पुस्तक पुन्हा मागितलं.
मी म्हटलं, एक पान कमी आहे.
"राहू दे," म्हणाला,
"पोरीले पाह्यजे.
मी सांगलं तिले,
तीन नको, चार बस झाले."