कठडा

तांब्याच्या खाणी मिटल्या,
अर्धं गाव डेट्रॉइटला गेलं.
चर्च राहिलं टेकडीवर,
सहा-सहा महिने छपरावर बर्फ पेलत.
आता वेदीपाशी काम निघालंय.
सुतार मी एकटी, हाताखाली भाचा मतिया
आणि सूचना द्यायला उरलेलं गाव.

लाल गालिचा उचलला. खाली ओकच्या फळ्या,
फळ्यांत एका ओळीत बावीस भोकं,
पुट्टीनं बुजवलेली,
दात पडलेल्या हिरडीसारखी.
इथं कठडा होता, फादर म्हणाले,
लोक गुडघे टेकून ख्रिस्तप्रसाद घ्यायचे.
अडुसष्ट साली काढला.
कुठं गेला, ते वहीत नाही.

रविवारी मिस्सेनंतर त्यांनी नुसतं विचारलं.
चोरी हा शब्द तोंडातून काढला नाही.

मंगळवारी पहिला तुकडा आला, श्टिमात्सच्या बारमधून.
तहानलेल्यांनी इतकी वर्षं त्यावर बूट टेकले होते.
मग एका पलंगाची उशाकडची बाजू;
त्या पलंगावर जन्मलेले तिघंही
ती उचलायला आले, पाठी सांभाळत.
मग खुराड्याचं दार.
ते फादरनी स्वतः धुतलं,
बाह्या वर सारून, काही न बोलता.

राहिलं मधलं फाटक.
ते उर्सुला क्लोबुचरच्या परसात, घेवड्याखाली.
"नवऱ्याला सांगितलं होतं, जाळून टाक.
जन्मात त्यानं एवढी एकच आज्ञा मोडली."
बिशप ऑगस्टमध्ये येणार, मी म्हटलं.
"येऊ देत की. शेंगा सप्टेंबरात उतरतात."

बिशप आले. कठड्याला मधोमध खिंडार.
त्यांनी विचारलं. फादर म्हणाले,
"घेवडा आहे, महाराज."

सप्टेंबरात पितळी बिजागऱ्यांवरून
वाळके ताणे सोडवत बसले.
फाटक पावसानं फुगलेलं,
आपल्याच भोकांत बसेना.
मतियानं रंधा पुढं केला.
मी नको म्हटलं
आणि भोकं तासून रुंद केली.

"आणि पुढल्या वर्षी वेल कशावर चढवू?"
उर्सुला पहिल्या बाकावरून, जरा मोठ्यानंच.

वेदीखालच्या जुन्या फळ्या निघाल्या होत्या, पाच-सहा चांगल्या.
अंधार पडल्यावर मतियानं त्या गाडीत टाकल्या.
फादरनी खिडकीतून पाहिलं असावं.

वहीत काही लिहिलं नाही.