अकरा थेंब

केळीच्या खोक्याचा पुठ्ठा
रात्री गाडीखाली सरकवून ठेवला होता.
पहाटे पाचला ओढून काढला तर अकरा थेंब :
आठ पुढे, एकाला एक चिकटून,
तीन मागे, गिअरबॉक्सच्या पोटाखाली, सुटे सुटे.

भुसावळात मे महिन्यात नऊनंतर
बॉनेटला हात लावणं म्हणजे तव्याला लावणं.
म्हणून ही वेळ.
अप्पांची खुर्ची माझ्याआधीच ओट्यावर आलेली,
कानाला रुमाल, या उन्हाळ्यातही.

पद्मिनी शहाऐंशीची.
अप्पा लोको शेडला फिटर होते तेव्हा
सोसायटीचं कर्ज काढून घेतलेली.
मूळ रंग पिस्ता. आता कुठल्याशा डाळीचा.

"जिथं दिसू राह्यलं तिथून गळत नसतं," अप्पा म्हणाले.
"पह्यले धू."
रॉकेल आता मिळतं कुठे. डिझेल घेतलं,
दात घासायचा जुना ब्रश,
आणि एकोणचाळीस वर्षांचा काळा थर
मनगटापर्यंत माझ्या अंगावर आला.
मग पावडरीचा डबा, त्यांचाच, घामोळ्यांचा.
इंजिनभर उधळली.
दाढीला बसलेल्या माणसासारखं इंजिन पांढरं झालं.
दहा मिनिटं चालू ठेवून बंद केलं, टॉर्च धरला,
तर टॅपेट कव्हरच्या कडेनं
एक ओली रेघ
पांढऱ्यातून वाट काढत उतरत होती.

शेजारचे वाघुळदे दूध घेऊन जाताना थांबले.
"कोनता मिस्त्री बोलावला, ताई?"
"कोणी नाही."
"मंग?"
मी दहाचा पाना दाखवला.
त्यांची नजर पान्यावरून माझ्या गाऊनवर,
गाऊनवरून मागच्या तारेवर गेली.
तिथं अप्पांच्या खाटेवरचं रबरी कापड,
नुकतं धुतलेलं, ठिबकत.
ते लगेच दुधाच्या पिशवीत बघायला लागले.
अप्पा म्हणाले,
"गॅसकेट कडक झालं म्हंजे गळनारच, भो."
मग कोणीच काही बोललं नाही.
शेडकडे एका इंजिनानं शिट्टी दिली. लांब.

कव्हर उघडलं.
कॉर्कचं गॅसकेट पापडासारखं तुकड्यातुकड्यांनी निघालं.
कडा खरवडल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या
रद्दी झालेल्या चपट्या चमच्यानं;
अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत घरी आणलेली
तेवढी एकच वस्तू.
"आत कचरा पडू देऊ नको." चिंधी कोंबली.
नवं गॅसकेट जळगावचं, दुकानदारानं
ही गाडी अजून आहे का, असं दोनदा विचारून
माळ्यावरून काढून दिलेलं.

आणि मग नट.
मला वाटायचं, जितकं आवळावं तितकं बरं.
पाना गच्च धरून दात खाल्ले,
तर अप्पा उठलेच.
खुर्चीची पाठ, मग खांब, मग मडगार्ड धरत आले,
माझ्या मुठीतून पाना काढून घेतला.
"मनगट नाही. दोन बोटं.
थोडा हा, मंग समोरचा, मंग परत हा.
जास्त आवळलं का कडेनं फाटतं,
अन् आपण नाव गॅसकेटचं घेतो."
त्यांचा हात थरथरत होता.
पान्यावर टेकला तेव्हा थांबला.

मागचे तीन थेंब क्रँकच्या सीलचे.
"त्याच्यासाठी गिअरबॉक्स उतरवा लागते," म्हणाले.
"उतरवूया?"
"काहून? रोज सकाळी मापकाडी पाहायची.
कमी दिसलं का टाकायचं. चालते मंग ती."

दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर तीनच.
अप्पांनी तो उजेडाकडे धरून पाहिला, पाठीमागूनही पाहिला,
खिशातल्या पेन्सिलीनं तिन्ही थेंबांना गोल केले,
खाली तारीख टाकली, सही केली,
शेडच्या वहीत करायचे तशी, खाली दोन टिंबं देऊन.
मग पुठ्ठा माझ्याकडे देत
गाडीकडेच बघत म्हणाले,
"चहा टाक.
अन् ते कापड घे आत.
कवाचं वाळून गेलं."