कोरा चहा

आरिउनझुल शहरातून आली ती मसुराचं पोतं घेऊन.
शेवटचे दोनशे किलोमीटर रस्ता असा नाहीच,
आणि जीपमध्ये ती पोतं मांडीवर धरून बसलेली,
तान्हं धरावं तशी.

त्सेवेलमानं चहा पुढं केला, दुधाचा, मिठाचा.
पोरीनं वाडगं दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाशी नेलं
आणि तसंच खाली ठेवलं.
"मला कोरा चालेल."

या गेरात कोरा चहा एकदाच उकळला होता,
झुदच्या साली,
मेंढ्या उभ्याउभ्या गोठल्या
आणि आचळ म्हणून उरलं नाही तेव्हा.
त्सेवेलमाच्या हातातला डाव तसाच राहिला.
मी म्हटलं, अगं, शहरात असं करतात.

मसूर शिजायला अडीच तास.
एवढ्या उंचीवर पाणी लगेच उकळतं, डाळ मात्र बधत नाही.
दोन टोपल्या गोवऱ्या गेल्या.
मी गप्प. त्सेवेलमा कसली गप्प बसते:
"हा जाळ कुणाच्या पोटातून आलाय, ठाऊक आहे ना?"
"शेण मागायला सुरी लागत नाही, आई."

यावर आम्हा दोघांनाही काही सुचेना.

मग मी माझा हिशेब मांडला.
इथं उगवतं फक्त गवत.
गवत मला पचत नाही, मेंढीला पचतं, मेंढी मला पचते.
माझ्या बापाला याहून जास्त गणित येत नव्हतं.
तुझ्या पोत्यावर परक्या देशाचं नाव आहे,
त्याला इथवर डिझेल लागलं,
आणि नांगराखाली उंदरांची बिळं गेली ती कोण मोजतं?

"मी मोजते," ती म्हणाली.
"आणि तुम्हाला कुठं सांगतेय सोडा म्हणून?
तुमच्याकडं दुसरं काही नाही.
माझ्या गल्लीत भाजीवाला आहे, बाबा. तो असताना—"
वाक्य तिनं तिथंच सोडलं.
अर्ध्या वाक्याशी भांडता येत नाही.

रात्री एकच विचारलं तिनं:
"हात आत घालता, तेव्हा तुम्ही कुठं बघता?"

मेंढी उताणी. छातीखाली चार बोटं चीर.
हात आत, मनगटापर्यंत,
कण्यालगतची नस दोन बोटांत, एक चिमटा.
थेंब जमिनीवर सांडत नाही. सोमभर नाव आहे माझं.
मी म्हटलं, हाताकडं.

मी डोंगराकडं बघतो.

परतायच्या आदल्या रात्री एका मेंढीनं पिल्लू झिडकारलं.
वारं असं की कंदील टिकेना.
पोर तिच्या मानेशी बसली, आजीचं ते जुनं आळवणं
पुन्हा पुन्हा म्हणत. शब्द नाहीतच त्यात, नुसता हुंकार.
पहाटे मेंढीच्या डोळ्यांतून पाणी आलं, पिल्लू लुचायला लागलं.
पोरीच्या बाहीवर चीक सांडलेला.
ज्याचं दूध त्याला मिळालं, म्हणाली,
आणि बसल्या जागी झोपली.

हिवाळ्याचं मांस तर लागतंच.
तिनं पाजवलेलं ते मी बाजूला काढलं.
दुसरं धरलं.
मग वाटलं, यालाही कुणीतरी पाजलंच होतं की.
त्या दिवशी मी डोंगराकडं बघितलं नाही.
त्याच्या डोळ्यात बघितलं,
आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा हात चुकला.
नस सापडेना. ते ओरडलं.
रक्त गवतावर.

त्सेवेलमानं माती लोटली वर. एक शब्द नाही.

टेकडीवर चढलं की फोन लागतो.
पोर विचारते, थंडी किती, आईचा गुडघा कसा,
मसूर संपला का.
आहे अजून, मी म्हणतो,
आणि वारा मोठा आहे असं सांगून फोन ठेवतो.