दोन वर्षांचं झाड

लिफाफ्यात सात बिया होत्या,
चपट्या, शर्टाच्या बटणांसारख्या,
आणि हर्षदाची चिठ्ठी:
बाबा, पहिल्या वर्षी काहीच होणार नाही.
उपटून टाकू नका.

सावद्याला केळीच्या वखारीत
मी तीस वर्षं काट्यावर बसलो.
काहीच न होणारी वर्षं
मला ओळखीची होती.

पाच उगवल्या.
पानं दातेरी, खरखरीत,
रस्त्याकडेच्या कुठल्याही तणाची चुलत बहीण.
मे महिन्यात पारा सेहेचाळीसला टेकला, तीन गेल्या.
एक बकरीनं नेली.
उरलेलं रोप मी प्रल्हाद बोंडेच्या मळ्यात हलवलं,
केळीच्या चौथ्या ओळीत, ठिबकच्या नळीशी.

प्रल्हाद विचारायचा,
"भो, याले फळ येतं?"
नाही.
"भाजी?"
नाही.
"मंग पानी कायले पिऊ राह्यलं हे?"

त्याला थंडी लागते, असं चिठ्ठीत होतं.
डिसेंबरात बर्फाची लादी फोडून
मी बुंध्याशी ठेवली.
पोरं हसली.
झाड ढिम्म.

मग जानेवारीत सातपुड्यावरून वारा उतरला.
तीन रात्री. पारा पाचवर.
चरका बसला, केळीची पानं आधी पिवळी
मग काळी,
घड होते तिथेच थांबले.
प्रल्हाद ओला पाला पेटवून
बांधाबांधानं धूर करत फिरत होता,
मळ्याला पांघरूण घालावं तसा.
मीही शेजारी बसून फुंकत होतो.
आणि बरगड्यांच्या आत कुणी
हळूच म्हणत होतं,
अजून एक रात्र.

फाल्गुनात जांभळी फुलं आली.
चैत्रात शेंगा,
जुन्या रुपयाएवढ्या गोल, हिरव्या,
उन्हाकडे धरल्या की आतल्या बियांच्या सावल्या दिसायच्या.
वैशाखात वाळल्या.
अंगठ्यानं दोन्हीकडची साल सरकवायची,
बी गळतं,
मधे राहतो नुसता पडदा,
गच्चीवर खाटेवर वाळलेल्या
चिकाच्या पापडासारखा, पण चांदीचा.

हर्षदाचा फोन आला.
करार वाढवलाय, आणखी दोन वर्षं.
इकडे ना बाबा, या झाडाला
प्रामाणिकपणा म्हणतात.
का गं?
आरपार दिसतं म्हणून असेल.
मी बरं म्हटलं.
ठेवू का, म्हटलं.
जे म्हणायचं होतं ते
साल न सोलताच ठेवून दिलं.

शेंगा दिल्या की हे झाड मरतं.
केळीचंही तेच,
घड उतरला की खोड कापायचं,
पण केळीच्या पायाशी पील उभं असतं.
याच्या पायाशी कुणी नव्हतं.

एक काडी घेऊन प्रल्हादकडे गेलो.
त्या तीन रात्रींचं सांगितलं,
मनातलं, जसं होतं तसं.
त्यानं पडदा एका डोळ्याला लावला,
दुसरा मिटला,
बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.

"माहीत व्हतं मले," म्हणाला.
"धुराले तू नीट फुकत नव्हता."

मग हात पुढे केला.
बिया मागितल्या.