अर्थ लागत नाही

उल्लापूलच्या बंदराकाठी, रात्रीचे साडेनऊ, अजून चक्क ऊन.
व्हॅनमधला फ्रीज घुर्र करतो,
दोन श्वास घेतो
आणि टक्.
आकड्यांच्या जागी लाल अक्षर: ई-एक.

आत चार बांगडे,
सकाळी इशबेलच्या भावाच्या होडीवरून घेतलेले,
दूध, अर्धी वाटी ओलं खोबरं
आणि बाबांच्या डोळ्यांत घालायचे थेंब,
ज्यांच्यावर लिहिलंय, थंड जागी ठेवावे.

माहितीपुस्तिका, पान एकोणीस:
ई-एक म्हणजे व्होल्टेज कमी. बॅटरी चार्ज करा.
बॅटरी चार्ज आहे.
मीटर लावते. बारा पूर्णांक सहा.
सॉकेटवर लावते. बारा पूर्णांक पाच.
फ्यूज काढून उजेडात धरते, तार शाबूत.
कटऑफ 'हाय'वरून 'लो'वर आणते.
जाळीवरची धूळ पुसते, झाकणाचं रबर चाचपते,
शेवटी एक चापटही मारते,
पान एकोणीसवर ती नाही.

घुर्र. टक्.

बाबा घडीच्या खुर्चीत, कानटोपी घालून.
चौतीस वर्षं रत्नागिरी डेपोत एसटीचे दिवे लावले त्यांनी,
इथे दोन महिन्यांसाठी पाहुणे,
म्हणून इतका वेळ गप्प.
"आकडे कधी घेतलेस? मशीन चालू असताना?"
"बंद असताना."
"मग ते आकडे नव्हेत, तो बायोडेटा.
भार टाकून बघ.
रिकाम्या हाताने सगळेच पैलवान."

पुन्हा मीटर. फ्रीज घुरघुरतो तेवढ्या दोन श्वासांत
सॉकेटवरचे साडेबारा
घसरत घसरत नऊ पूर्णांक सात.

बाबा सूटकेसमधून रुमालाची पुरचुंडी काढतात,
त्यात बसचा एक जुना बल्ब, दोन वायरी डाग दिलेल्या.
(हे घेऊन ते तीन विमानतळ ओलांडून आले.
कुणी विचारलं असतं तर काय सांगणार होते, देव जाणे.)
प्लसपासून चासीच्या बोल्टापर्यंत:
उदबत्तीच्या टोकाएवढा उजेड.
प्लसपासून थेट बॅटरीच्या मायनसला:
लख्ख.

"अर्थ गेलाय," बाबा म्हणतात.
"अर्थ गेला की गाडी खुळ्यासारखी वागते.
आमच्याकडे एक बस होती,
इंडिकेटर दिला की वायपर फिरायचा.
लोक वायपर बदलत बसले."

इशबेल बादलीभर बर्फ घेऊन दारात.
बाबा बोट वर करून, "वन मिनिट."
चाळीस मिनिटं.

सीटमागचा गालिचा उचलला.
बोल्ट मीच बसवला होता, मागच्या मार्चमध्ये,
व्हिडिओ बघत, रंगावरच, घाईने.
आता त्याला खाऱ्या हवेची हिरवी बुरशी.
बाबांनी विचारलं नाही कुणी बसवला.
काडेपेटीची खरखरीत बाजू घेऊन घासत राहिले,
पत्रा चकाके तोवर,
मी बॅटरी धरल्यासारखी टॉर्च धरून.

मग मला वाटलं, सांगावं,
की दर रविवारी फोनवर तुम्हाला
मी बारा पूर्णांक सहाच सांगत आले.
रिकाम्या वेळी मोजलेले.
पण त्यांच्या तोंडात वॉशर होता
आणि "पाना दे" एवढंच ते म्हणाले, तेही अर्धंच.

बोल्ट आवळला. वर व्हॅसलिन.
घुर्र.
दोन श्वास. तीन. दहा.
टक् आलंच नाही.
सतरा अंश, सोळा. बाबांनी मीटर बघितलाच नाही,
झाकणावर तळवा ठेवून उभे राहिले,
ताप बघावा तसे.

थेंबांची बाटली तेवढी बर्फात ठेवली, खात्री म्हणून.
बांगड्यांचा मात्र भरवसा नको, असं ठरलं,
आणि अकरा वाजता, उजेड असतानाच, तव्यावर गेले.
इशबेल तिखट बघून म्हणाली, वन मिनिट,
आणि पाव आणायला धावली.